वर एकच भिंत

शटल पबचं दार आमोस हेस्केथला एप्रिलपासून बंद झालं होतं. बंदी घातली ती खुद्द मालकिणीने, बीट्रिस ऊर्फ बी लोमॅक्सने, आणि तीही भर दुपारी, चार गिऱ्हाइकांच्या देखत. आमोसचा अर्धा पेला बारवर तसाच राहिला. त्याने टोपी उचलली आणि मान खाली घालून तो कोपऱ्यावरच्या दारातून बाहेर पडला.

शटल उभा होता कॉडर स्ट्रीटच्या टोकाला, दोन रस्ते मिळतात तिथला कोपरा तिरपा कापून बांधलेला. दारावरच्या दगडात मागावरचा धोटा कोरलेला होता आणि त्याखाली साल, १८७३. कोपऱ्याचा सगळा भार एका ओतीव लोखंडाच्या खांबावर. वर पाटीच्या दगडाची कौलं ल्यालेला टोकदार मनोरा, खाली कमरेपर्यंत बाटलीसारख्या हिरव्या, झिलईच्या फरश्या. इर्कडेलच्या गिरण्या चालू होत्या तेव्हा पाळी सुटली की माणसं दोन्ही रस्त्यांनी यायची आणि त्या तिरप्या दारात एकमेकांवर आदळायची. आता गिरण्या बंद पडल्या होत्या. नगरपालिकेने आजूबाजूची घरं राहायला अयोग्य ठरवली होती, माणसं उंच उंच इमारतींत नेऊन ठेवली होती आणि घरं पाडायचा ठेका एका कंपनीला दिला होता. शटलचा भाडेपट्टा मात्र अजून सहा वर्षं शिल्लक होता आणि लोमॅक्सबाई जागची हलायला तयार नव्हती.

आमोस त्या कंपनीत कामाला होता. कॉडर स्ट्रीट तो रोज थोडाथोडा उतरवत होता. एकतीस नंबरचं घर त्याचं स्वतःचं. तेही त्यानेच पाडलं, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. त्याची बायको एलन नव्या इमारतीच्या नवव्या मजल्यावर पहिल्याच हिवाळ्यात वारली.

पण बंदी घर पाडल्याबद्दल नव्हती. पोटासाठी माणूस काय करतो हे लोमॅक्सबाईला कळत होतं. एप्रिलमधे एका सकाळी गॅसवाल्यांच्या टोप्या घातलेली तीन माणसं शटलमधे आली, गॅस गळतोय म्हणाली आणि सगळ्यांना रस्त्यावर काढलं. लोक तासभर थंडीत उभे राहिले. आत परतले तेव्हा पाण्याचा नळ मुळापासून कापलेला आणि तळघराच्या झडपेवर फळ्या ठोकलेल्या. ती माणसं गॅसची नव्हतीच, कंपनीची होती. आमोसला हे सकाळीच ठाऊक होतं. तो समोरच्या परांचीवर उभा राहून बघत होता, आणि गप्प होता. लोमॅक्सबाईने रस्त्यातून वर पाहिलं. दोघांची नजरानजर झाली. तेवढं पुरलं.

आमोसचा बाप गवंडी, आणि आमोसही शिकला ते गवंडीकामच. दुसऱ्या महायुद्धात तो मँचेस्टरला बचाव पथकात होता. बाँबने अर्धवट पाडलेल्या घरांत शिरायचं, टेकू लावायचे, दबलेली माणसं काढायची. तिथे त्याला एक गोष्ट कळली: भिंत पडण्याआधी सांगते, फक्त ऐकणारा हवा. लढाई संपल्यावर विटांची घरं बांधणं कमी झालं आणि पाडणं वाढलं, तेव्हा तो पाडायच्या कामाला लागला. बाप जिवंत असता तर तोंडावर थुंकला असता, हे तो स्वतःच कधीकधी म्हणायचा.

१९६९ च्या ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी आमोस सकाळपासून शटलला लागून असलेल्या चार नंबरच्या घरावर होता. त्या वेळी तो त्रेपन्न वर्षांचा. घराचं छप्पर, मजला, धुराडं आधीच उतरलं होतं. राहिली होती ती शटलला चिकटलेली बाजूची भिंत. कंपनीच्या नकाशावर तिथे दोन भिंती पाठीला पाठ लावून उभ्या होत्या, एक घराची, दुसरी शटलची. तळमजल्यावर आमोसने पहार घालून स्वतः खात्री केली होती. दोन भिंती, मधे बोटभर फट. घराची काढायची, शटलची ठेवायची.

अकराच्या पुढे चर्चकडून प्रेतयात्रा परतली. हार्टली क्लेग गेला होता, एक्याऐंशी वर्षांचा. गिरणीच्या ब्रास बँडमधे चाळीस वर्षं सगळ्यात मोठं, मांडीवर धरायचं पितळी वाद्य त्याने फुंकलं होतं. आमोसने परांचीवरच टोपी काढली. काळ्या कपड्यांतली माणसं शटलच्या तिरप्या दारातून आत गेली, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडून पावलं, खुर्च्या सरकवल्याचे, बश्यांचे आवाज यायला लागले. जेवण वरच्या मोठ्या खोलीत होतं. बारसं, लग्न, मयत, गावाचं सगळं त्याच खोलीत व्हायचं. आमोस आणि एलनच्या लग्नाचा चहाही तिथेच झाला होता.

त्याने पुन्हा छिन्नी लावली. एक वीट निघाली. तिच्यामागे फट दिसायला हवी होती. दिसला गिलावा.

घोड्याचे केस कालवलेला जुना चुन्याचा गिलावा होता तो, आणि आमोसला दिसत होती त्याची पाठ. त्याने अंगठ्याने जरा दाबलं. रुपयाएवढा तुकडा आतल्या बाजूला पडला आणि भोकातून उजेड आला, हिरव्या भिंतकागदाची फाटकी कड दिसली, हॅमचा आणि गरम चहाचा वास आला.

खाली दोन भिंती होत्या. वर एकच होती.

बांधणाऱ्याने विटा वाचवल्या होत्या. शेजारचं घर आधीपासून उभं होतं. डोळ्यांना दिसेल तिथवर, तळमजल्यापुरती, त्याने शटलची स्वतःची भिंत चढवली आणि वर शेजाऱ्याच्याच भिंतीवर आपला मजला टेकवून दिला. शहाण्णव वर्षं दोन्ही वास्तू त्या एका भिंतीवर रेलून उभ्या होत्या. ती भिंत होती नऊ इंचांची, म्हणजे विटांचे दोन पदर. त्यातला बाहेरचा पदर आमोसने सकाळपासून, दोन माणसांनी हात पसरावे एवढ्या रुंदीचा, स्वतःच्या हाताने सोलून काढला होता.

त्याने डावीकडे पाहिलं. वरच्या खोलीच्या जमिनीची मुख्य तुळई तिथे भिंतीत घुसली होती. तिचं काळं, डांबर फासलेलं टोक उघडं पडलं होतं. तुळईखाली आता एकाच विटेचा आधार, आणि ती वीट उभी चिरलेली. आत कुणी चाललं की चिरेतून चुन्याची भुकटी झरायची, जात्यातून पीठ पडावं तशी. आमोसने तुळईवर तळहात ठेवला. लाकूड थरथरत होतं.

खाली त्याचा सोबती फेस्टस कॉइन विटा साफ करत बसला होता. आयर्लंडमधल्या मेयोचा, चाळिशीचा, बोलायला कमी. आमोस शिडीवरून उतरला, एकही पायरी न आपटता, आणि त्याला म्हणाला, "जेवढे टेकू असतील तेवढे घेऊन ये. पाचरी आण. हातोडा वाजवू नकोस." फेस्टसने वर एकदा पाहिलं आणि काही न विचारता उठला.

मुकादम लेन प्रॉक्टर कोपऱ्यावरच्या लाकडी खोपटात चहा पीत होता. पस्तिशीचा माणूस, अंगावर कोट, पायांत स्वच्छ बूट. आमोसने काय झालं ते सांगितलं. प्रॉक्टरने आधी नकाशा उलगडला.

"हे बघ. दोन भिंती."

"नकाशात आहेत. तिथे नाहीत. माझा हात आरपार गेलाय."

प्रॉक्टर वर जाऊन आला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता, पण आवाज तसाच होता. तो म्हणाला, त्यांचं जेवण तीनला आटपेल, तीनला पब दुपारपुरता बंद होतो. तोवर आपल्या बाजूने टेकू लावायचे आणि गप्प बसायचं. माणसं निघून गेली की मग काय ते बघू. आत्ता बोभाटा झाला तर नगरपालिका काम थांबवेल, ठेका जाईल, आणि भिंत कुणी सोलली हे विचारलं की नाव कुणाचं येईल, याचाही विचार कर.

"तीनपर्यंत ती धरणार नाही," आमोस म्हणाला.

"शहाण्णव वर्षं धरली ना? मग तीन तास धरेल की, म्हाताऱ्या."

आमोस उत्तर देणार तेवढ्यात रस्त्यावर एक मोठी गाडी येऊन थांबली. मागचं दार उघडलं आणि बँडवाले उतरायला लागले. अठरा माणसं, एकेकाच्या हातात पितळेचं ओझं. हार्टली क्लेगला निरोप द्यायला ती वरच्या खोलीत वाजवणार होती. आणि इर्कडेलचा बँड कधी पाय आपटल्यावाचून वाजवत नसे.

आमोस शटलकडे चालायला लागला. प्रॉक्टर मागून म्हणाला की त्या दारातून आत गेलास तर सोमवारपासून येऊ नकोस. आमोसने ते ऐकलं, पण थांबला नाही.

दारात बँडचा म्होरक्या एर्नी स्टॉट भेटला. आमोसने त्याच्या छातीवर हात ठेवला आणि सांगितलं, वर चढू नका, इथेच थांबा, दोन मिनिटं. एर्नीने त्याच्या धुळीने माखलेल्या कपड्यांकडे पाहिलं आणि तोंड वाकडं केलं, पण थांबला.

आत महोगनीच्या गोल बारमागे लोमॅक्सबाई चहाची किटली भरत होती. अठ्ठावन्न वर्षांची, काळ्या कपड्यांत, केस घट्ट बांधलेले. आमोसला बघून तिने किटली खाली ठेवली.

"आमोस, बंदी विसरला असशील, पण ऐकू येतं ना? बाहेर हो."

"बी, वरची माणसं खाली आण. हळूहळू. भिंत जाणार आहे."

"गॅस गळतोय का?"

बारपाशी दोघं म्हातारे पेला घेऊन बसले होते. त्यातला एक खीखी करून हसला. आमोसचे कान तापले.

"ते माझ्या डोळ्यांदेखत झालं," तो म्हणाला. "मी बोललो नाही. त्याची काय शिक्षा करायची ती कर. पण आज मी खोटं बोलत नाहीये. भिंत मीच सोलली आहे. वर एकच भिंत आहे, बी, दोन नाहीत."

"हार्टलीची पेटी मातीत जाऊन दोन तास झाले नाहीत, आणि तुम्ही त्याच्या जेवणावरून माणसं उठवायला आलात. आज बाहेर काढणार आणि संध्याकाळी दाराला फळ्या. प्रॉक्टरने पाठवलं ना तुला?"

"प्रॉक्टरने मला कामावरून काढलं, आत्ता, या दाराशी."

तिचा विश्वास बसला नाही. का बसावा? आमोस तिच्या जागी असता तर त्याचाही बसला नसता. वरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि त्याने नकळत छताकडे पाहिलं. मग त्याला एक गोष्ट सुचली.

"वरच्या खोलीचं दार आज अडकतंय का?"

लोमॅक्सबाईचा हात बारवर होता, तो तिथेच थांबला.

"कोणी सांगितलं तुला?"

"कोणी नाही. अडकतंय का?"

सकाळी नऊला ते दार बोटाने उघडलं होतं. अकरा वाजता ती हॅमची ताटं घेऊन गेली तेव्हा त्याला खांदा लावावा लागला. तिला वाटलं, हवा दमट आहे, लाकूड फुगलं असेल. हे तिने आमोसला सांगितलं नाही. पण तिच्या तोंडावरचा रंग गेला तो आमोसने पाहिला.

"किती माणसं आहेत वर?" त्याने विचारलं.

"साठेक."

"टेबल कुठे लावलंय?"

"नेहमीच्या जागी. त्याच भिंतीला. पियानो पण तिथेच."

आमोसने डोळे मिटून घेतले. मग त्याने तिला भराभर सांगितलं. जिना मनोऱ्याच्या बाजूला आहे, म्हणजे भिंतीजवळच्यांना सगळी खोली ओलांडून यावं लागणार. धोका म्हटलं की सगळे एकदम उठतील, एकदम धावतील, आणि मग तुळई एक क्षणही धरणार नाही. कुणाला कळता कामा नये. भिंतीजवळचे आधी निघाले पाहिजेत, एकेक करून.

लोमॅक्सबाईने ॲप्रन सोडला, घडी करून बारवर ठेवला, बारपाशीच्या दोघा म्हाताऱ्यांना रस्त्यात पाठवलं आणि ती जिना चढायला लागली. आमोस तिच्यामागे. वरच्या दाराला तिने खांदा लावला. ते करकरलं आणि उघडलं.

खोली भरलेली होती. उंच छत, कडेने द्राक्षांच्या वेलीची चुन्यातली नक्षी, रंगीत काचांच्या तीन खिडक्या, आणि खाली माणसंच माणसं, मांडीवर बश्या. टेबलावर हॅम, मटण-बटाटा भरून भाजलेले पाई, लाल कोबीचं लोणचं आणि चहाचं मोठं पितळी पात्र. आमोसला बघून चारदोन माना वळल्या. कोणीतरी हळूच म्हणालं, हा इथे कसा.

लोमॅक्सबाईने टाळी वाजवली, फार जोरात नाही.

"मंडळी, बँड आलाय. हार्टलीने आयुष्यभर रस्त्यात उभं राहून वाजवलं, या खालच्या कोपऱ्यावर. म्हणून तो खालीच वाजवणार आहे. सगळ्यांनी खाली यायचं. पण चर्चमधून निघतो तसं, रांगेने. आधी घरची माणसं. टेबलाजवळचे. बाकीच्यांनी आपापल्या जागी बसून राहायचं, मी सांगेपर्यंत. आज तरी इर्कडेलने शिस्त दाखवावी."

ती हे इतकं सहज बोलली की आमोसला तिचा हेवा वाटला. हार्टलीच्या मुली, जावई, नातवंडं उठली. टेबल आणि भिंत यांच्यामधून ती एकेक करून सरकायला लागली. आमोस भिंतीपाशी जाऊन उभा राहिला, पाठ भिंतकागदाला लावून, जणू काही गर्दीतून बाजूला झालेला माणूस. त्याचा हात मागे भिंतीवर होता. प्रत्येक पाऊल त्याच्या तळव्यात येत होतं.

दहा माणसं गेली. पंधरा. भिंतकागदावर, त्याच्या खांद्याच्या वर, एक केसाएवढी रेघ उमटली. त्याने ती खांद्याने झाकली.

खालून, भिंतीच्या पलीकडून, टेकू सरकवल्याचा आवाज येत होता. फेस्टस एकटाच होता. प्रॉक्टर मदतीला आला नव्हता.

वीस. पंचवीस. लोमॅक्सबाई दारात उभी राहून प्रत्येकाच्या कोपराला हात लावून जिन्याकडे वळवत होती. एक जाडजूड माणूस पेला भरून घ्यायला परत टेबलाकडे निघाला; तिने त्याला कॉलरला धरून हसत हसत परत फिरवलं. आता मधल्या रांगा. चाळीस. आमोसच्या पाठीमागे काहीतरी बारीक कट्ट झालं, नख तुटावं तसं.

खोली जवळजवळ रिकामी झाली तेव्हा आमोसच्या लक्षात आलं की पियानोशेजारच्या खुर्चीत अजून कोणीतरी बसलं आहे. ती होती मिस सेरा क्लेग, हार्टलीची थोरली बहीण, चौऱ्याऐंशी वर्षांची. तिने गावातल्या तीन पिढ्यांना चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवलं होतं. मांडीवर बशी होती आणि ती सावकाश हॅमचा तुकडा कापत होती.

"सेरामावशी, खाली चला."

"हेस्केथचा पोरगा ना तू?" तिने वर न बघता विचारलं. "तुझं जेवण झालं का?"

"झालं. चला."

"मी माझं संपवल्याशिवाय उठत नाही. भावाचं जेवण आहे. आणि तू हात न धुता आलायस."

छतावरच्या द्राक्षांच्या नक्षीत एक तडा सरकला, कोपऱ्याकडून मधे, आणि चुन्याचा एक घोस पियानोवर पडून फुटला. तारा झणझणल्या. म्हातारीने मान वर केली. दारातून लोमॅक्सबाई पुढे यायला निघाली.

"तिथेच थांब, बी," आमोस म्हणाला. "पाऊल टाकू नकोस."

तो वाकला, खुर्चीच्या दोन्ही बाजूंना हात घातला आणि खुर्चीसकट म्हातारीला उचललं. ती वजनाला चिमणीएवढी होती. बशी तिने सोडली नाही. आमोस खिडक्यांच्या भिंतीच्या कडेकडेने, तुळई टाळून, एकेक पाऊल चाचपत निघाला. जमीन त्याच्या पायाखाली हळूच खाली गेली, अर्धा इंच, बोटीसारखी. तो थांबला. बाहेर रस्त्यात बँड सुरू झाला होता. एक जुनं प्रार्थनागीत, खर्जात. त्यांनी पाय आपटले ते दगडी फरसबंदीवर.

"फेस्टस," आमोस ओरडला, दिवसभरात पहिल्यांदा मोठ्याने. "सोड. बाहेर पड."

मग तो धावला. पाच पावलं होती. लोमॅक्सबाईने दारातून हात पुढे करून खुर्चीचा पाय धरला आणि तिघं जिन्याच्या चौथऱ्यावर एकमेकांवर कोसळले. मागे विटा बाहेरच्या बाजूला निखळल्या आणि तुळई गेली. आवाज फार मोठा नव्हता. एखाद्याने खोल श्वास सोडावा तसा. भिंतीकडची जमीन खाली झुकली, टेबल सरकलं, चहाचं पात्र गेलं, पियानो गेला, आणि जिथे हिरवा भिंतकागद होता तिथून कॉडर स्ट्रीटची मोकळी जमीन आणि राखाडी आकाश दिसायला लागलं.

खाली बँड थांबला.

शटलमधल्या कोणालाही ओरखडा आला नाही. फेस्टसला आला. आमोसची हाक त्याने ऐकली होती, पण शेवटची पाचर बसवल्याशिवाय तो सुटला नाही. तो डावखुरा, आणि त्याच्या डाव्या हाताचीच दोन बोटं टेकू आणि विटांच्या मधे सापडली. आमोस ढिगाऱ्यावरून घसरत त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा फेस्टस शाबूत राहिलेल्या खालच्या भिंतीला पाठ लावून बसला होता, हात टोपीत गुंडाळून.

"सगळे उतरले का?" त्याने विचारलं.

"सगळे."

"बरं," फेस्टस म्हणाला आणि डोळे मिटले.

नंतर चौकशी बसली. प्रॉक्टरने सांगितलं की भिंत हुकूम नसताना आमोसने सोलली आणि त्याला काही कळवलंच नाही. आमोसने जे झालं ते सांगितलं, भिंत आपणच सोलली हेही, आणि मग कुणी न विचारता एप्रिलची गॅसवाल्यांची हकिकतही सांगितली, आपण त्या दिवशी कुठे उभे होतो तेही. लोमॅक्सबाई पहिल्या रांगेत बसून ऐकत होती. कंपनीला भिंत बांधून द्यावी लागली. प्रॉक्टर दुसऱ्या गावी दुसऱ्या कंपनीत गेला. पाडायच्या धंद्यात आमोसला मात्र कुणी उभं केलं नाही. साहेबांच्या विरुद्ध साक्ष देणारा माणूस कुणाला हवा असतो?

शटल नऊ महिने बंद होता. नवी भिंत बांधायला गवंडी आले, त्यांत आमोसने आपलं नाव घातलं. अठ्ठावीस वर्षांनी त्याने थापी हातात धरली. पहिले दोन दिवस त्याच्या विटा वाकड्या बसत होत्या आणि तरुण गवंडी हसत होते. या खेपेला भिंत खालपासून वरपर्यंत शटलची स्वतःची, दोन पदरी. चार नंबरच्याच जुन्या विटांची. वरच्या खोलीतली चुन्याची द्राक्षं मात्र परत कुणाला करता आली नाहीत. तिकडचं छत साधंच राहिलं.

पब उघडला त्या दिवशी आमोस आत गेला आणि बारपासून हातभर लांब उभा राहिला. लोमॅक्सबाईने पेला भरला, फेस खाली बसू दिला, पुन्हा भरला आणि त्याच्यापुढे सरकवला.

"बंदी घातली ती चुकीची नव्हती," ती म्हणाली.

"मी कुठे म्हणतोय?"

एवढंच. आभार तिने मानले नाहीत आणि त्याला ते नकोच होते. सेरा क्लेग त्यानंतर दोन वर्षं जगली आणि भेटेल त्याला सांगायची की हेस्केथच्या पोराने आपल्याला जेवणावरून उठवलं.

आमोस पुढे पडायला आलेल्या इमारतींना टेकू लावायच्या कामावर राहिला. पगार कमी होता, पण रात्री झोप लागायची. एक गोष्ट मात्र त्याला सलत राहिली. फेस्टस आठ बोटं घेऊन मेयोला परत गेला होता, आणि आमोसने त्याला चार पत्रं लिहिली, एकालाही उत्तर आलं नाही. आमोसने समजायचं ते समजून घेतलं.

पाचव्या वर्षी उत्तर आलं. मोठ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत, दीड पान. लिहायला हात बसत नाही म्हणून इतके दिवस लिहिलं नाही, असं होतं त्यात. समुद्राकाठी घर बांधायला काढलंय, दगडाचं, वारा फार आहे, पश्चिमेची भिंत ओळंब्यात येत नाही, दोनदा उतरवली. तुला वेळ असेल तर येऊन बघ.

आमोसने आयुष्यात समुद्र ओलांडला नव्हता. थापी आणि ओळंबा फडक्यात गुंडाळून तो बोटीत बसला, रात्रभर उलट्या काढल्या, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फेस्टसच्या अंगणात उतरला. चार दिवसांसाठी गेला होता, तीन आठवडे राहिला. फेस्टस दगड निवडून द्यायचा, आमोस बसवायचा. दोघं फारसं बोलत नसत. तिसऱ्या आठवड्यात वारा पडला, तेव्हा ते छपरापर्यंत पोचले.